शेवाळ : समुद्राचा सीसीटीव्ही

आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला गेलात, तर पायाखाली येतं हिरवं-तपकिरी, निसरडं शेवाळ. घसरू नये म्हणून आपण जपून पाय टाकतो, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. पण समुद्रातला किरणोत्सार मोजणाऱ्यांसाठी हेच शेवाळ म्हणजे चोवीस तास चालू असलेला सीसीटीव्ही!

कसं? बाटलीभर पाणी तपासलंत, तर फक्त त्या क्षणाचं कळतं. कालची भरती काय घेऊन आली, ते नाही. शेवाळ मात्र खडक सोडत नाही. जमिनीवरच्या झाडांसारखी मुळं त्याला नसतात. सगळं अंगच पाण्यातले क्षार शोषतं. तपकिरी शेवाळ तर पाण्यातल्यापेक्षा हजारो पट आयोडीन साठवतं. ते आयोडीन साधं की किरणोत्सारी, हे त्याला कुठे कळतं? दोन्ही आत!

मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमात अणुभट्ट्यांचा अपघात झाला. पॅसिफिक ओलांडून ढग अमेरिकेत पोचले, पाऊस पडला आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या केल्प या शेवाळात आयोडीन-१३१ सापडलं. प्रमाण माणसाला धोकादायक नव्हतं, पण शेवाळानं पाहुणा बरोबर टिपला. इंग्लंडमधल्या सेलाफिल्डहून समुद्रात सोडलेलं टेक्नेशियम-९९ सुद्धा शेवाळातच ठळक दिसलं, अगदी नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत.

आता आपल्याकडे या. तारापूरला १९६९ पासून अणुवीज तयार होते. तिथल्या परिसरावर भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रयोगशाळा लक्ष ठेवते. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला अणुवीज प्रकल्प प्रस्तावित आहे. त्याच्या बाजूनं आणि विरोधात बरंच बोललं जातं. पण तुमची बाजू कुठलीही असो, एक गोष्ट दोघांनाही लागणार : आधीची नोंद.

कारण शेवाळात किरणोत्सार मुळातच असतो. पोटॅशियम-४० निसर्गातूनच येतं, तर थोडं सीझियम-१३७ जुन्या अणुचाचण्यांतून जगभर पसरलंय. म्हणजे उद्या नुसतं यंत्र वाजलं, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. गॅमा स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक द्रव्य त्याच्या ऊर्जेवरून वेगळं ओळखतो. पण ते वाढलं की नाही, हे ठरवायला आधीचा आकडा हवाच. तो नसेल, तर मच्छीमाराला तक्रार पटवून देता येणार नाही आणि प्रकल्पाला आरोप खोडता येणार नाही. आपल्या ताटातला बांगडाही कोकण किनाऱ्यावरूनच येतो, हे विसरू नका.

बॉटनीची सहल कोकणात गेली, की शेवाळाचे नमुने आणताच ना? मग जात, तारीख आणि नेमकं ठिकाण नीट लिहून ठेवा. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं, ते हाती लागणार नाही. पण सीझियम-१३७ निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. म्हणजे आज कॉलेजच्या कपाटात नीट वाळवून ठेवलेला नमुना तुमच्या नंतरची बॅचही तपासू शकेल. फक्त लेबल कोरं ठेवू नका!