आलप्पुळ्याचे कालवे आणि कुट्टनाडचे पाणी

केरळच्या किनाऱ्यावरील आलप्पुळा नगरास भेट देणाऱ्याच्या मनावर पहिला ठसा उमटतो तो पाण्याचा. पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस वेंबनाडचे विस्तीर्ण कायल आणि या दोहोंमधील वाळूच्या पट्ट्यावर कालव्यांनी छेदलेले नगर. हे सारे निसर्गाचे देणे होय, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु स्थळाचा इतिहास पाहता तो टिकत नाही. येथील पाणी जितके निसर्गाचे, तितकेच मनुष्याच्या योजनेचेही आहे.

किनाऱ्यालगत वाळूचे दांडे साचून समुद्रापासून अंशतः विलग झालेल्या उथळ जलाशयास मल्याळम् भाषेत 'कायल' म्हणतात. वेंबनाड कायलाची लांबी सुमारे ९६ किलोमीटर आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्रावणकोर संस्थानाने आलप्पुळा येथे बंदर वसविले, त्यामागे दोन कारणे दिसतात. कायलातून मिरी व इतर डोंगरी माल होड्यांनी येथवर सुखरूप येई, हे पहिले. दुसरे असे की, येथील किनाऱ्यापुढे पावसाळ्यात चिखलाचा थर साचतो, तो लाटांचा जोर शोषून घेतो आणि खवळलेल्या ऋतूतही गलबतांना आसरा मिळतो. दिवाण राजा केशवदास यांच्या पुढाकाराने कायल व किनारा यांना जोडणारे कालवे खोदले गेले. ते शोभेसाठी नव्हते, मालाच्या वाहतुकीसाठी होते. १८५९ मध्ये येथे काथ्याचा कारखाना निघाला, १८६२ मध्ये दीपगृह उभे राहिले. पुढे विसाव्या शतकात कोची बंदराचा विकास होताच व्यापार तिकडे वळला. कालव्यांचे प्रयोजन संपले, आणि साचलेल्या पाण्यात पाणवनस्पती व सांडपाणी भरू लागले.

नगराच्या पूर्वेस व आग्नेयेस पसरलेल्या कुट्टनाड प्रदेशात हाच प्रश्न अधिक गंभीर स्वरूपात दिसतो. पंपा, मणिमला, अच्चनकोविल व मीनच्चिल या नद्यांच्या गाळाने बनलेल्या या भूमीचा बराच भाग समुद्रसपाटीहून खाली आहे. शेतकरी कायलात बांध घालतात, आतील पाणी उपसून टाकतात आणि भात पेरतात. पूर्वी हा उपसा पायांनी फिरविलेल्या लाकडी चक्रांनी होई, नंतर पंप आले. पुराचे पाणी समुद्रात सोडण्यासाठी १९५५ मध्ये तोट्टप्पळ्ळी येथे सांडवा झाला. उन्हाळ्यात आत शिरणारे खारे पाणी अडविण्यासाठी १९७० नंतरच्या दशकात तण्णीरमुक्कम् येथे दारांचा बंधारा बांधला गेला.

बंधाऱ्याने भाताचे रक्षण केले, यात शंका नाही. मात्र भरती-ओहोटीने कायल धुऊन निघण्याची क्रिया त्यामुळे मंदावली. खाऱ्या पाण्याने मरणारी जलपर्णी फोफावली, शेतांतील खते व औषधे पाण्यात साठू लागली, आणि समुद्र व कायल यांमध्ये ये-जा करणाऱ्या मासळीची वाट अडली. डिसेंबरच्या सुमारास बंद होणारी दारे केव्हा उघडावी, यावर शेतकरी व मच्छीमार यांच्यात मतभेद होतात. एकाचे पीक आणि दुसऱ्याची मासळी एकाच दारावर अवलंबून आहे.

गोव्यातील खाजण शेतीत 'मानस' नावाचे लाकडी दार भरतीचे खारे पाणी नियंत्रित करते, आणि त्याच तोंडाशी मासळीही धरली जाते. दोन्ही व्यवसाय तेथे एका दारात नांदले. कुट्टनाडच्या विशाल बंधाऱ्यास हा समतोल साधलेला नाही. २०१८ च्या महापुरात तर हा सखल प्रदेश दीर्घकाळ पाण्याखाली राहिला, आणि पाण्याच्या निचऱ्याचा प्रश्न नव्याने पुढे आला.

प्रवासी ज्या 'केट्टुवळ्ळम्' नौकेतून हे सारे पाहतो, तीही मुळात मालवाहू नौका होय. खिळ्यांवाचून, काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून ती बांधीत आणि तिच्यातून भात कोचीकडे जाई. नौकेने नवे काम स्वीकारले, परंतु ज्या पाण्यावर ती तरंगते त्याची व्यवस्था अद्याप लागावयाची आहे. तेव्हा आलप्पुळ्याच्या अभ्यासूने तेथील शांत पाणी पाहताना, ते कोणत्या दाराने अडविले आहे आणि कोणासाठी, हा प्रश्न प्रथम विचारणे अगत्याचे आहे.