फुप्फुसाच्या कर्करोगात गोळीआधी जनुकचाचणी का हवी?

बीरगांव (रायपूर) : फुप्फुसाच्या कर्करोगावरील एकच गोळी एका रुग्णाची गाठ काही आठवड्यांत आक्रसून टाकते, तर दुसऱ्यावर तिचा जवळपास काहीच परिणाम होत नाही. या फरकाचे कारण बहुतांशी गाठीतील पेशींच्या जनुकांत झालेल्या बदलांत, म्हणजे उत्परिवर्तनांत दडलेले असते.

पेशीच्या पृष्ठभागावरील ईजीएफआर हे प्रथिन पेशीला वाढीचा संदेश देते. एरवी बाहेरून संकेत आल्यावरच ते कामाला लागते. मात्र त्याच्या जनुकाच्या १९व्या खंडातील काही अक्षरे गळाली किंवा २१व्या खंडातील एक अक्षर बदलले, की ते संकेताविना अखंड चालू राहते आणि गाठ त्याच संदेशावर जगू लागते. जेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब ही औषधे नेमके हेच प्रथिन बंद पाडतात. दोष एएलके या दुसऱ्या जनुकात असेल, तर औषधही वेगळे लागते. इतकेच काय, ईजीएफआरच्याच २०व्या खंडात जादा अक्षरे घुसली असतील, तर नेहमीच्या गोळ्या बहुधा निष्प्रभ ठरतात.

हा संबंध २००४ मध्ये उघड झाला. बोस्टनमधील संशोधकांनी जेफिटिनिबने गुण आलेल्या ९ रुग्णांच्या गाठी तपासल्या, तेव्हा ८ जणांत उत्परिवर्तन आढळले. गुण न आलेल्या ७ जणांत एकाही रुग्णात ते नव्हते. पुढे २००९ मध्ये पूर्व आशियातील १,२१७ रुग्णांवरील चाचणीने यावर शिक्कामोर्तब केले. हे सर्व रुग्ण धूम्रपान न करणारे किंवा पूर्वी थोडेच करणारे, म्हणजे वरवर पाहता या गोळीसाठी योग्य वाटावेत असे होते. तरीही उत्परिवर्तन असलेल्या सुमारे ७१ टक्के रुग्णांत जेफिटिनिबने गाठ लक्षणीय आकसली, तर नसलेल्यांत हे प्रमाण जेमतेम १ टक्का राहिले. अशा रुग्णांत केमोथेरपीच सरस ठरली. रुग्ण बिडी-सिगारेट ओढत नाही, एवढ्यावरून गोळी सुरू करणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने अ‍ॅडिनोकार्सिनोमा प्रकारच्या ९०७ भारतीय रुग्णांची तपासणी केली, त्यात सुमारे २३ टक्क्यांत ईजीएफआर उत्परिवर्तन आढळले. याच रुग्णालयाने असे उत्परिवर्तन असलेल्या ३५० रुग्णांवर केलेली चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ जेफिटिनिब घेणाऱ्यांत आजार सरासरी ८ महिने आटोक्यात राहिला. सोबत केमोथेरपी दिल्यावर हा काळ १६ महिन्यांवर गेला. अर्थात गंभीर दुष्परिणामही २५ वरून ५१ टक्क्यांवर पोहोचले, आणि अशक्त रुग्णाबाबत हा हिशेब दुर्लक्षिता येत नाही.

उरला औद्योगिक क्षेत्रालगतच्या बीरगांवसारख्या वस्तीत हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही. हवेतील सूक्ष्म धूलिकण फुप्फुसात दाह निर्माण करून आधीच ईजीएफआर उत्परिवर्तन असलेल्या पेशींना कर्करोगाकडे ढकलतात, असे लंडनमधील संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले. त्यातच आपल्या देशात दीर्घ खोकला आणि एक्स-रेवरील डाग प्रथम क्षयरोगाचा समजला जाण्याचे प्रकार नवे नाहीत. त्यात महिने जातात आणि अखेर बायोप्सी होते, तेव्हा हाती येणारा तुकडा इतका लहान असतो, की निदानातच तो संपतो. म्हणून तुकडा काढतानाच जनुकचाचणीपुरता भाग राखून ठेवण्याची विचारणा नातेवाइकांनी करावी.

खर्चाचा प्रश्न मोठाच आहे. केंद्राने जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबवरील सीमाशुल्क माफ केले, तरी हे औषध अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे.

गोळी लागू पडली, तरी गाठ कालांतराने वाट काढते. जेफिटिनिबसारख्या औषधांना दाद न देणाऱ्या सुमारे निम्म्या रुग्णांत टी७९०एम हे नवे उत्परिवर्तन आढळते आणि तेथे ओसिमर्टिनिब उपयोगी पडते. त्याचा शोध रक्ततपासणीतूनही घेता येतो. मात्र गाठीचा अंश रक्तात पुरेसा उतरलाच नसेल, तर अहवाल नकारार्थी येतो. अशा वेळी पुन्हा बायोप्सी करून खात्री केली जाते.