मागे पडणारं ‘कांचन’

बाबांचं एचएमटी ‘कांचन’ दिवसाला चार मिनिटं मागे पडू लागलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी एकच निदान केलं : घड्याळ म्हातारं झालं. मला ते पटलं नाही. तासाला 21,600 ठोके देणारं यंत्र दिवसाकाठी 5,18,400 ठोके देतं. चार मिनिटांचा फरक म्हणजे त्यातले 1,440 ठोके कमी, 360 ठोक्यांमागे एक. इतकी बारीक चूक करणारं यंत्र म्हातारं नसतं, त्याला कुठे तरी अडतं. कुठे अडतं, ते शोधायचं असतं.

एचएमटीनं 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्यांच्या ‘जनता’ या घड्याळाला रोज चावी द्यावी लागे, ‘कांचन’ मात्र ऑटोमॅटिक, म्हणून लग्नात जावयाला देण्याची वस्तू. आत अर्धगोल वजन, म्हणजे रोटर असतो. हात हलला की तो फिरतो आणि मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. मनगटी घड्याळातली ही युक्ती जॉन हारवूड या इंग्रज कारागिरानं 1920 च्या दशकात यशस्वी केली. पूर्ण फिरणारा रोटर 1931 मध्ये रोलेक्सनं आणला.

आमच्या वर्ध्यात वेळेचा आणि चावीचा विषय निघाला की जवळचं सेवाग्राम आठवतंच. गांधीजी 1936 मध्ये तिथे राहायला आले. त्यांचं घड्याळ कमरेला लटकलेलं असे आणि त्याला चावी देण्याचं काम माणसाचं असे. ऑटोमॅटिकमध्ये ते काम हाताच्या हालचालीवर सोपवलेलं आहे. म्हणून पहिला प्रश्न यंत्राला नाही, वापरणाऱ्याला विचारायचा : घड्याळ दिवसातून किती तास हातात असतं आणि हात किती हलतो? निवृत्तीनंतर बाबांचा दिवस खुर्चीत जाऊ लागला होता. स्प्रिंग अर्धवट भरलेली राहिली, की ठोके देणाऱ्या बॅलन्स व्हीलचा, म्हणजे मागे-पुढे झुलणाऱ्या चाकाचा, झोका लहान होतो. झोका लहान झाला की मधल्या अडथळ्यांचा परिणाम वाढतो आणि चाल बहुधा मंदावते.

मी तीन दिवस नोंदी ठेवल्या. सकाळी सहाला मोबाइलशी वेळ जुळवायची आणि संध्याकाळी सहाला पुन्हा पाहायचं. घड्याळ हातात असताना बारा तासांत एक मिनिट मागे, रात्री टेबलावर तीन मिनिटं. फरक असा असमान असेल, तर शंका स्प्रिंगच्या भरणीवर किंवा आतल्या घाणीवर जाते. फरक रोज सारखा आणि थोडा असेल, तर चाल कमी-जास्त करणारी बारीक पट्टी सरकवून काम होतं. सेकंदकाटा बरोबर चालतो, पण मिनिटकाटा मागे राहतो, असं दिसलं तर यंत्र ठीक असतं. काट्यांना फिरवणारी मधली नळी सैल झालेली असते. या साध्या नोंदींनी निम्मं निदान घरीच होतं.

चुंबकाचाही संशय घेतला जातो. स्पीकर, मोबाइलचं कव्हर, पर्सचं बटण. पण चुंबक लागलं की हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ बहुतेक वेळा पुढे पळतं. मागे पडणाऱ्या घड्याळात तो पहिला आरोपी नव्हे.

मग वर्ध्याचं ऊन? मे महिन्यात इथला पारा 45 अंशांच्या आसपास जातो. साध्या पोलादी हेअरस्प्रिंगचं घड्याळ एका अंशाच्या वाढीला दिवसाला सुमारे 11 सेकंद मागे पडतं, कारण गरम स्प्रिंग मऊ होते. शार्ल एदुआर गियोम यांनी निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधून यावर तोड काढली आणि 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलं. अशा मिश्रधातूच्या स्प्रिंगला उन्हाचा फारसा त्रास होत नाही. त्रास होतो तो तेलाला. तेल वाळतं, घट्ट होतं. झाकणाचं रबर जुनं झालं की धूळ आत शिरते. आमच्या कापसाच्या मुलखात धुळीबरोबर रुईचे तंतूही असतात.

गावातल्या जुन्या घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावून मागचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला सुईनं कोरलेल्या तीन तारखा होत्या. सर्व्हिसिंग केलं की कारागीर अशी खूण करतात. शेवटची तारीख 1998 ची होती. नंतर कुणी तरी नुसती पट्टी ‘प्लस’कडे ढकलून दिलेली. त्यांनी चिमट्यानं एक चाक उचललं. चाकाचा धुरा ज्यात फिरतो त्या खड्यातल्या भोकाभोवती तेलाचं पिवळं कडं वार्निशसारखं जमलं होतं आणि रोटरच्या धुऱ्याला तंतू गुंडाळलेला.

“भाऊ, पट्टी शेवटी,” ते म्हणाले. “आधी धुऊ, तेल देऊ, मग चाल लावू.”

हाच या विषयातला मुख्य नियम. कोरड्या यंत्राची पट्टी पुढे ढकलली, तर आकडा काही दिवस सुधारतो, पण कोरडा धुरा खड्यात घासत राहतो आणि झिजतो. मग मात्र सुटा भाग लागतो. तो मिळणं कठीण, कारण एचएमटी वॉचेस बंद करायला केंद्रीय मंत्रिमंडळानं जानेवारी 2016 मध्ये मंजुरी दिली. हातात असलेलं यंत्र जपणं हाच उपाय उरतो.

सर्व भाग सुटे करून धुतले, रबर बदललं, प्रत्येक खड्याला सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल दिलं. आता घड्याळ दिवसाला वीस सेकंद मागे पडतं. या वयाच्या यंत्राला ते शोभतं. बाबा रोज सकाळी ते घालून अर्धा तास चालतात. त्यांच्याही तब्येतीला त्याचा फायदा आहे.

तुमच्या कपाटात असं घड्याळ असेल, तर या दिवाळीत ते बाहेर काढा. तीन दिवस नोंद ठेवा, मग गावातल्या घड्याळजींकडे न्या आणि पट्टी सरकवा म्हणण्याआधी एवढंच विचारा : झाकणाच्या आत शेवटची तारीख कोणती?