पूर ओसरल्यावरची पायरी

काशीचा राजा घाट म्हणजे आपल्या जुन्या माणसांचा अमृतराव घाट. (मालवीय पुलाजवळचा राजघाट वेगळा, रिक्षावाले हमखास तिकडे नेतात.) राघोबादादांचे दत्तकपुत्र अमृतराव 1803 साली इंग्रजांशी तह करून सात लाखांच्या तनख्यावर उत्तरेत गेले आणि 1807च्या सुमारास त्यांनी हा घाट दगडाने पक्का बांधवला. तेव्हापासून या पायऱ्यांवरून पडून कितीजणांचे हात मोडले याची नोंद कुठे नाही. पण मोडलेल्या हाताकडे बघायची नजर या दोन शतकांत कशी बदलली, हे मात्र सांगता येतं.

घाट बांधून झाला त्याच सुमाराला, 1814 साली, डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या शल्यचिकित्सकाने मनगटाजवळच्या अस्थिभंगाचं वर्णन छापलं. हात टेकून पडलं की मनगटाच्या साधारण दीड इंच वर रेडियस, म्हणजे अंगठ्याकडचं हाड, मोडतं आणि मनगट जेवणाच्या पालथ्या काट्यासारखं दिसू लागतं. एक्स-रे नव्हता, सगळं बोटांनी चाचपून. व्यंग जन्मभर राहील, पण हात कामाला येईल, हेही त्याने लिहून ठेवलं.

बर्फाचा अध्याय पुढचा. जानेवारी 1896मध्ये अमेरिकेत कनेक्टिकट नदीच्या गोठलेल्या पात्रावर स्केटिंग करताना एडी मॅकार्थी हा मुलगा पडला. राँटगेनच्या किरणांची, म्हणजे एक्स-रेची, बातमी ताजीच होती. 3 फेब्रुवारीला डार्टमथ कॉलेजात त्याच्या मनगटाचं छायाचित्र निघालं आणि मोडलेलं हाड डोळ्यांनी दिसलं. पुढे 1981मध्ये कार्डिफचे संशोधक रालिस यांनी बर्फाच्या दिवसांतल्या अस्थिभंगांना सरळ ‘साथ’च म्हटलं, त्यात हाताची हाडं पुढे होती.

काशीत बर्फ नाही, गाळ आहे. भर पावसात माणूस घाटावर उतरतच नाही, उतरला तर जपून. घात होतो पाणी ओसरल्यावर. ऊन पडतं, पायरी वरून वाळल्यासारखी दिसते, खाली गुळगुळीत चिखल तसाच. 1978च्या सप्टेंबरात गंगा इथे 73.9 मीटरपर्यंत चढली होती. धोक्याची खूण 71.26 मीटरची. पाणी उतरलं की पालिकेचे पंप लागतात, पाण्याच्या झोताने गाळ परत गंगेत ढकलतात. माझं मत विचाराल तर मनगटाचा खरा दवाखाना तो पंपच. काशीवासाला आलेल्या म्हाताऱ्या बायकांची हाडं पाळी गेल्यानंतर विरळ झालेली असतात. त्यांच्या पहाटेच्या स्नानाआधी पायऱ्या धुतल्या गेल्या, तर पुढचं पुष्कळसं टळेल.

उपचारांत फळ्या आणि पट्ट्या गेल्या, 1850नंतर प्लास्टर आलं, आणि या शतकात तळव्याच्या बाजूने बसवायची धातूची पट्टी आणि स्क्रू. काशीच्या बनारस हिंदू विद्यापीठाचं (बीएचयू) ट्रॉमा सेंटर 2015च्या सप्टेंबरात उघडलं. त्याच्या उद्घाटनासाठी आधी जूनअखेर ठरलेला पंतप्रधानांचा दौरा पावसामुळेच रद्द झाला होता, हा योगायोगही नोंदवायला हरकत नाही.

पण हवामानाचा हिशेब फार पूर्वीच मांडला होता तो याच काशीच्या परंपरेने. काशिराज दिवोदास धन्वंतरींचा शिष्य मानला जाणारा सुश्रुत सांगतो: मोडलेल्या अंगाचं बंधन थंडीत सात दिवसांनी सोडून बांधावं, मधल्या ऋतूत पाच, उन्हाळ्यात तीन. सैल बांधलं तर सांधा स्थिर होत नाही, घट्ट बांधलं तर सूज, ठणका आणि पू. प्लास्टर घालून घरी पाठवलेल्या रुग्णाला बोटं निळी पडली तर लगेच या असं डॉक्टर बजावतात, ते याच भीतीने. हाताचं हाड जुळल्यावरचा व्यायामही सुश्रुत देतो: आधी मातीचा गोळा मुठीत धरा, मग मिठाचा खडा, ताकद आली की दगड. आज फिजिओथेरपिस्ट आधी स्पंजचा चेंडू देतो, मग घट्ट रबराचा.