मन मोकळे करण्याचेही एक शास्त्र आहे

देवबागेत एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरे आणि होड्या. पावसाळ्यात उधाणाची धास्ती नेहमीचीच. मे २०२१ मधले तौक्ते वादळ तर अजून कोणी विसरलेले नाही. पडलेल्या माडांचा पंचनामा होतो. माडवाल्याच्या मनाची चौकशी सहसा कोणी करीत नाही. त्याची झोप उडते, अन्न गोड लागत नाही, डोके सतत दुखते. तो मालवणात जाऊन गोळ्या आणतो आणि घरात कोणी विचारलेच तर ‘माका काय्येक झाला नाय’ म्हणून पाठ फिरवतो.

अशा दुखण्यावर ‘कोणाशी तरी बोला’ असे सांगितले तर लोक हसतात. बोलून कर्ज फिटते काय? फिटत नाही. पण कर्ज फेडायला जो माणूस सकाळी उठून कामाला लागला पाहिजे, तो उठू शकतो. आणि याला पुरावा आहे.

शेजारच्या गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्याचे काम करते. तिने २०१३ ते २०१५ या काळात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक रीतसर चाचणी घेतली. अधिक तीव्र नैराश्य असलेले ४९५ रुग्ण निवडले. साधारण निम्म्यांना केंद्रातील डॉक्टरांचे उपचार मिळाले, उरलेल्यांना त्या जोडीला समुपदेशकाबरोबर सहा ते आठ बैठका. हे समुपदेशक मोठे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेली, खास शिकवून तयार केलेली स्थानिक माणसे होती ती. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा बैठका घेतलेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आम्ही शेतीखात्यातली माणसे प्रात्यक्षिकाचा प्लॉट आणि शेजारचा साधा प्लॉट तोलून पाहिल्याशिवाय बियाणे सुचवीत नाही. इथेही तोलून पाहिले आहे.

या बैठकांत नुसते सांत्वन नसते. मन खचले की माणूस हळूहळू कामे सोडतो, रापणीला जात नाही, देवळात जात नाही, दाढीसुद्धा करीत नाही. कामे सुटली की मन अधिक खचते. समुपदेशक हे चक्र त्याला दाखवतो आणि एक लहानसे काम ठरवून देतो. सकाळी माडांना पाणी घालायचे, किंवा मित्राच्या घरी जाऊन यायचे. पुढच्या बैठकीत ते झाले का, करताना कसे वाटले, नडले कुठे, याची विचारपूस होते. मग दुसरे काम. शिवाय जी अडचण सोडवता येण्यासारखी असेल, तिच्यावर दोघे मिळून वाट शोधतात.

आपल्याकडे देवाला गाऱ्हाणे घालतात, तेव्हा संकट मोठ्याने, नाव घेऊन सांगतात आणि भोवतालची मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून हुंकार देतात. दुःखाला शब्द द्यावेत आणि ते कोणीतरी ऐकावे, ही समज आपल्याला परकी नाही. घरात मात्र आपण ऐकण्याऐवजी लगेच उपदेश सुरू करतो. ‘एवढ्याशा गोष्टीने काय रडतोस?’ हे वाक्य तर बंदच करावे. सुनेची घुसमट सासूने ऐकली तर बरेच, पण सासूच घुसमटीचे कारण असेल तर त्रयस्थ माणूस लागतो. त्रयस्थ समुपदेशकाचा मोठा उपयोग तोच.

हे उपचार आजाऱ्यांनाच कामाचे, असेही नाही. डॉ. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचे सांगणे असे की, घटनेइतकाच आपण तिचा लावलेला अर्थ आपल्याला छळतो. ‘यंदा मासळी कमी मिळाली’ ही घटना झाली. ‘मी कुचकामाचा’ हा आपण जोडलेला निकाल. तो तपासायला शिकलेला माणूस पोरांवर कमी चिडतो आणि पुढच्या हंगामाचा बेत शांतपणे आखतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये सुरू झालेली ‘आय.पी.एच.’ ही संस्था उपचारांबरोबर असे शिक्षणही देते.

मात्र बोलणे हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. भास होत असतील, बोलणे असंबद्ध होत असेल, तर आधी डॉक्टर आणि औषधे. आणि कोणी ‘जगून काय उपयोग’ असे म्हणू लागला तर तो नाटक करतो असे समजू नये. त्याला सरळ विचारावे, ‘जीव द्यायचे मनात येते का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री मराठीतून विनामूल्य बोलता येते. आंब्या-काजूच्या फवारणीची औषधे घरात असतील, तर ती आजच कुलपात ठेवून किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी.