‘पगार’ कुठून आला?

महिनाअखेर जवळ आली की ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या लोकलमध्ये ‘पगार झाला का?’ हा प्रश्न हमखास कानावर पडतो. ‘पगार’ इतका घरचा शब्द आहे, की तो परका असेल अशी शंकाही येत नाही. पण तो पोर्तुगीज आहे.

इ.स. १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे आणि १७३९ मध्ये वसई घेतली. सुमारे दोनशे वर्षांचा हा सहवास. चावी, बटाटा, पाव हे शब्दही पोर्तुगीजांचेच. पण ती वस्तूंची नावे. ‘पगार’ हे मुळात क्रियापद आहे. अर्थ, पैसे चुकते करणे. त्यातला शेवटचा ‘आर’ म्हणजे आपल्या ‘करणे’, ‘देणे’ यांतला ‘णे’. मराठीत त्याचे नाम झाले, म्हणून आपण पगार ‘देतो’ किंवा ‘घेतो’.

या क्रियापदाचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे. ‘पाक्स’ म्हणजे शांती. देणे चुकते झाले की धनको शांत होतो. त्यावरून पैसे देणे हा अर्थ आला. इंग्रजी ‘पे’ही फ्रेंचमार्गे इथूनच आला. प्रशांत महासागराच्या ‘पॅसिफिक’ या नावातही हाच ‘पाक्स’ आहे.

पण ‘पाकारे’चा ‘पगार’ झाला, हे कशावरून? नुसते साम्य पुरत नाही, नियम दाखवावा लागतो. लॅटिन ‘अमिकुस’ (मित्र) पोर्तुगीजमध्ये ‘अमिगो’ होतो, ‘लाकुस’ (तळे) ‘लागो’ होतो. दोन स्वरांमधल्या ‘क’चा ‘ग’ होतो. स्वर उच्चारताना गळ्यातील स्वरतंतू कंप पावतात; ‘क’साठी तो कंप थांबवावा लागतो. बोलण्याच्या ओघात तो थांबला नाही, की ‘ग’ ऐकू येतो. आपल्याकडेही संस्कृत ‘लोक’, ‘शाक’ यांचे हिंदीत ‘लोग’, ‘साग’ झाले.

वर्गात एखादा विद्यार्थी म्हणेल, ‘पग’ म्हणजे पाऊल. पायपीट करून मिळतो तो पगार! त्याला हसू नये. याच रीतीने बनलेले आणखी दोन शब्द दाखव, एवढेच त्याला सांगावे. ते शोधताना व्युत्पत्ती आणि कल्पना यांतला फरक त्याच्या आपोआप ध्यानात येईल.