जुनं पिस्तूल कशासाठी जपायचं?

हिंदमाताला नेहमीप्रमाणे पाणी तुंबलंय, तरी इतके जण गुडघ्यापर्यंत कपडे वर करून आलात. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या म्हाताऱ्याने पिस्तुलांवर बोलावं हे जरा विचित्रच आहे. त्याला कारण झाला एक फोन.

माझा एक जुना विद्यार्थी परळचा. त्याचे आजोबा गिरणीत रोखपाल होते. पगाराच्या दिवशी बँकेतून रोकड आणायची, म्हणून त्यांनी रीतसर परवाना काढून एक पिस्तूल घेतलं होतं. त्यांच्यानंतर ते वडिलांच्या नावावर झालं. आता वडीलही गेले. कपाट आवरताना चामड्याच्या पाकिटात ते सापडलं, सोबत परवान्याचं पुस्तक आणि काडतुसांची न फोडलेली पेटी. तो मला म्हणाला, "सर, आई म्हणते घरात नको. मुलगा म्हणतो पणजोबांची आठवण आहे. ठेवू की टाकू?" मी म्हटलं, "बाबा रे, दोन्ही नको. आधी पोलीस स्टेशनला जा." ते का, त्याकडे येतो. पण त्यापुढे त्याने विचारलं, "यात जपण्यासारखं असतं तरी काय?" हा मात्र माझ्या विषयातला प्रश्न. आजचं बोलणं त्याच्यावर.

पहिलं उत्तर यंत्राचं. रिव्हॉल्वर तुम्ही सिनेमात पाहिलंय. मध्ये फिरणारा गोल, त्याला पाच-सहा घरं. तो गोल फिरतो तुमच्या बोटाच्या नाहीतर अंगठ्याच्या जोराने. म्हणजे श्रम माणसाचे. आता बघा, गोळी पुढे सुटली की मागे धक्का बसतो. हा धक्का शेकडो वर्षं बंदूकवाल्याच्या खांद्याने सोसला आणि तो फुकट गेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही लोकांच्या डोक्यात आलं की हा फुकट जाणारा धक्का कामाला लावता येईल. रिकामं काडतूस बाहेर फेकायचं, स्प्रिंग दाबायची आणि त्या दाबलेल्या स्प्रिंगने परत येताना पुढचं काडतूस नळीत ढकलायचं, हे सगळं त्या धक्क्याकडूनच करून घ्यायचं. माणसाने फक्त चाप ओढायचा, एका ओढीला एक गोळी. म्हणून याला अर्धस्वयंचलित म्हणायचं. चाप सोडून पुन्हा ओढल्याशिवाय दुसरी गोळी सुटत नाही.

इथे समोर गिरणगावातली मंडळी बसलीत, त्यांना हे चटकन कळेल. मागावरचा धोटा आठवा. इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्याच्या प्रत्येक फेरीत पुढच्या फेरीची तयारी असते. पिस्तुलाच्या नळीवर जो सरकणारा पोलादी भाग असतो, ज्याला स्लाइड म्हणतात, तो असाच एक धोटा.

ही स्लाइड बाजारात आणली जॉन मोझेस ब्राउनिंगने. हा अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ऑग्डेन गावचा, बंदुका बनवणाऱ्या बापाचा मुलगा. त्याचं पिस्तूल तयार झालं बेल्जियममध्ये, एफ.एन. या कारखान्यात, आणि त्याला नाव पडलं मॉडेल १९००. बोअर ७.६५ मिलिमीटर, म्हणजे आपण ज्याला .३२ म्हणतो तोच. मॅगझिनमध्ये सात काडतुसं. मला या पिस्तुलात सगळ्यात आवडते ती त्याची काटकसर. नळी खाली आणि स्प्रिंग तिच्या डोक्यावर. ती एकच स्प्रिंग स्लाइड परत आणते आणि काडतुसावर आघात करणारी सुईही पुढे ढकलते. एका पगारात दोन नोकऱ्या! आणि गोळी सुटताना मागचा भाग बंद ठेवायला कुलूप कुठलं? कुलूपच नाही. स्लाइड जड असते. जड वस्तू हलायला वेळ घेते. ती नीट हलेपर्यंत गोळी नळीबाहेर गेलेली असते. जडपणा हेच कुलूप. अशी युक्ती पाहिली की गणितातली छोटी सिद्धता वाचल्यासारखं वाटतं.

माझ्या विद्यार्थ्याकडचं पिस्तूल बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचं, .३२ चं. दिसायला ओबडधोबड, मूठ जवळजवळ काटकोनात. लंडनच्या पोलिसांनी १९११ मध्ये हेच घेतलं होतं. त्याची स्प्रिंग नळीशी नसतेच. ती इंग्रजी व्हीच्या आकाराची असते आणि उजव्या बाजूच्या मुठीच्या पट्टीखाली लपलेली असते. जर्मनांचं माउझर याहून निराळं. त्याचे भाग एकमेकांत कोड्यासारखे अडकतात, मुठीच्या पट्ट्यांचा स्क्रू सोडला तर स्क्रूच नाही. या माउझरचा मुंबईशी एक गमतीचा धागा आहे. १८९६ मध्ये तरुण विन्स्टन चर्चिल इथे ससून डॉकला होडीतून उतरताना त्याचा खांदा निखळला. तो पुढे आयुष्यभर त्रास देत राहिला. म्हणून १८९८ मध्ये ओमदुर्मानच्या लढाईत घोडदळाच्या हल्ल्यात त्याने तलवार म्यान केली आणि माउझर हातात घेतलं. आपल्या धक्क्याच्या एका निसरड्या पायरीचं हे योगदान.

हे सगळं ऐकायला छान वाटतं. यंत्राचा रसिक इथेच थांबला असता. पण थांबता येत नाही. का ते सांगतो.

१९०९ हे वर्ष बघा. १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला मारलं, कोल्टच्या ऑटोमॅटिक पिस्तुलाने. कोल्टची ही पिस्तुलंही ब्राउनिंगच्याच डोक्यातली. २६ ऑक्टोबरला हार्बिन स्टेशनवर कोरियाच्या आन जुंग-गुनने जपानी नेता इतो हिरोबुमी याला मारलं, ब्राउनिंग मॉडेल १९०० ने. आणि २१ डिसेंबरला नाशिकला विजयानंद थिएटरात ‘शारदा’चा प्रयोग होता, कलेक्टर जॅक्सन यांच्या निरोपाचा. तिथे अनंत कान्हेरे या विशीही न गाठलेल्या मुलाने त्यांना गोळ्या घातल्या. ते पिस्तूलही ब्राउनिंग. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीनबरोबर पेटीच्या चोरकप्प्यातून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती, त्यांतलं. पुढे हाच अमीन माफीचा साक्षीदार झाला. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. सावरकरांच्या जन्मठेपेपर्यंत जाणारा धागाही या पिस्तुलांतूनच निघाला.

वीस रिव्हॉल्वरं त्या पेटीच्या तळाशी मावली असती का? गोल हा फुगवटा असतो. ब्राउनिंग चपटं होतं. ते कोटाच्या खिशात जातं, पेटीच्या तळात जातं, नाटकाच्या प्रेक्षागृहात जातं. मघाशी ज्या काटकसरीचं मी कौतुक केलं, तिचाच हा दुसरा अर्थ. जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक होते, लोक त्यांना पंडित म्हणत. कान्हेऱ्यांचं धाडस आपण सांगतो, ते सांगायलाच हवं. पण पिस्तुलाच्या रसिकाला मेलेला माणूसही मोजावा लागतो. स्प्रिंग तेवढी माझी आणि रक्त इतिहासाचं, अशी वाटणी होत नाही.

दुसरं उत्तर म्हणूनच साक्षीचं. चंद्रशेखर आझादांचं कोल्ट अलाहाबादच्या संग्रहालयात आहे. एका इंग्रज पोलीस अधिकाऱ्याने ते इंग्लंडला नेलं होतं, १९७० च्या दशकात परत आलं. लोक त्या काचेपुढे हात जोडतात. आणि ३० जानेवारी १९४८ ला नथुरामच्या हातात होतं ते इटालियन बेरेटा, मॉडेल १९३४, नंबर ६०६८२४. आतून पाहाल तर ही दोन्ही चुलतभावंडं. दोन्हींत स्लाइड, दोन्हींत जडपणा हेच कुलूप. नंबर खरवडून दोन्ही टेबलावर ठेवली तर पोलाद काही बोलणार नाही. एकापुढे हात जुळतात आणि दुसऱ्याचं नाव घेताना मराठी माणसाची जीभ अडखळते, निदान माझी तरी. हा फरक धातूत नाही, नोंदीत आहे. त्या नंबरात आणि त्या नंबराला कुणाच्या तरी हाताशी जोडणाऱ्या कागदात.

म्हणून जाणता संग्राहक आधी नंबर वाचतो. सारायेव्होत १९१४ ला आर्चड्यूक फर्डिनांडला मारलं ते पिस्तूल ब्राउनिंग मॉडेल १९०० होतं, असं कितीतरी पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं गेलं. ते होतं मॉडेल १९१०, नंबर १९०७४, आज व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आहे. सबंध महायुद्धाची सुरुवात ज्या वस्तूपासून सांगतात तिचं मॉडेल चुकतं, तर जुन्या बाजारात कुणी "हे अमक्या क्रांतिकारकाचं" म्हणून सांगतो त्याचं काय घेऊन बसलात! पोलादाची किंमत करता येते. कागद नसलेल्या गोष्टीची करू नये.

आता नंबर म्हटला की आमच्या शास्त्रातला तो ग्रीक थिसियसच्या जहाजाचा प्रश्न येतोच. एकेक फळी बदलत गेलो तर जहाज तेच राहतं का? ल्यूगर नावाच्या जर्मन पिस्तुलावर बारीकसारीक भागांवरही नंबराचे आकडे ठोकलेले असतात. सगळे जुळले तर किंमत वेगळी, एक बदललेला निघाला तर वेगळी. तत्त्वज्ञांनी दोन हजार वर्षं घोळ घातलेला प्रश्न कारखान्यातल्या कामगाराने ठोक्याने सोडवला.

आणि गंज. जुन्या पिस्तुलाचा तो सुंदर निळसर-काळा रंग दिसतो ना, तो लावलेला रंग नव्हे. जुन्या पद्धतीत पोलादावर मुद्दाम बारीक गंज चढवायचे, मग ते उकळत्या पाण्यात घालायचे. लाल गंज काळा होतो आणि पुढचा गंज अडवतो. असं पुन्हा पुन्हा. म्हणजे गंजानेच गंजाला थांबवलेलं असतं. माझा विद्यार्थी ब्रासो लावून ते चकचकीत करायला निघाला होता! आपल्याकडे पितळेच्या समईपासून सगळ्याला तेच. मी अक्षरशः ओरडलो. नळीच्या तोंडाशी निळा रंग विरलेला होता. पाकिटातून काढघाल करून करून तो तसा झालेला. ती आजोबांच्या हाताची खूण आहे. घासली की आजोबा गेले. आणि मुंबईच्या हवेत चामड्याच्या पाकिटात पिस्तूल कधीच ठेवू नये. चामडं ओल धरतं. पुसून, हलकं तेल लावून, पाकिटाबाहेर ठेवायचं.

कुठे ठेवायचं पण? इथे कायदा. परवानाधारक गेला की ते शस्त्र घरात ठेवणं बेकायदा होतं, वस्तू कितीही जुनी असो. विलंब न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा करायचं. मग वारसाने स्वतःच्या नावाने परवाना मागावा, मुंबईत तो पोलीस आयुक्तांकडे, किंवा विकावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं, पूर्वी तीन होती. वारशाने आलेलं शस्त्रही त्या दोनांतच धरतात. "शंभर वर्षं झाली, अँटिक आहे, परवाना लागत नाही" असं जे ऐकता ते चूक. सूट आहे ती जुनाट, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्राला, पण ते दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही अशा अवस्थेत असेल तरच. शंभर वर्षांची अट पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्यातली, तो कायदा वेगळा. म्हणजे भारतात पिस्तुलांचा मोठा संग्रह करणं साध्या माणसाला जवळजवळ अशक्य आहे. रसिकता शिल्लक राहते ती पाहण्याची आणि वाचण्याची. मला त्याचं वाईट वाटत नाही. अकबराचं चिलखत आपण फोर्टातल्या संग्रहालयात जाऊन बघतो, घरी आणत नाही.

तर विद्यार्थ्यापुढे प्रश्न होता की ते निकामी करून घेऊन घरी शोभेला ठेवावं का. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो, पाहू न शकणारा डोळा हा नावापुरता डोळा, दगडातल्या डोळ्यासारखा. मग गोळी न झाडू शकणारं पिस्तूल नावापुरतं पिस्तूल. आधी मला हे पटलं होतं. मग ती न फोडलेली पेटी आठवली. पंचवीस काडतुसं, एकही कमी नाही. आजोबांनी ते कधी झाडलंच नाही. तरी ते दर पगाराला पिशवीच्या तळाशी बसून काम करत होतं. त्याचं काम न झाडण्याचंच होतं. खंडेनवमीला गिरणीत यंत्रांना हार घालायचे, घरात हत्यारांची पूजा व्हायची, तेव्हा हत्यार तेवढा वेळ कामातून बाजूला ठेवलेलं असायचं. बिनकामाचं म्हणून नव्हे, त्याच्याकडे नीट पाहता यावं म्हणून. हे अ‍ॅरिस्टॉटलच्या हिशेबात कुठे बसवायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

विद्यार्थ्याने ते निकामी केलं नाही. परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जमा केलं, पावती घेतली. ते ज्याला हवं आणि ज्याच्याकडे परवाना आहे अशा माणसाकडे जाईल. घरी राहिलंय रिकामं पाकीट आणि परवान्याचं पुस्तक. त्यात दर नूतनीकरणाचा शिक्का, तारीख, पिस्तुलाचा नंबर आणि आजोबांची सही आहे. शेवटच्या काही पानांवर ती सही थरथरलेली दिसते. पणतू ते पुस्तक वाचतोय.